साडेसतरातलं टिंब

एकदा एक अर्धंच वाक्य माझ्या कानावर पडलं. बंदरावर बर्फाच्या रांगेत पुढच्या दोघी बोलत होत्या, "मदतीची बोट सुटत होती, आणि तांडेलकाकांनी तिची किल्लीच काढून घेतली! त्यामुळेच तर दिगंबरची..." तेवढ्यात बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. दिगंबरची बहीण वैजयंता माझी शेजारीण. मी बर्फ घरी ठेवला आणि वाटीभर सोलकढी घेऊन थेट तिच्याकडे गेले. तिने सांगितलं ते असं.

तांडेलकाका चाळीस वर्षं बोटीचे प्रमुख होते. आता समुद्र सोडून ते वैजयंताला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसचं काम शिकवतात. आदल्या दुपारी वायरलेसवर तिच्याच भावाचा आवाज आला. इंजिन बंद, बोटीत पाणी शिरतंय, माणसं तीन. जागा: सतरा अंश तीस मिनिटं उत्तर, बहात्तर अंश पंचेचाळीस मिनिटं पूर्व.

मदतीला लहूची बोट तयार होती. तिच्यावरच्या वाट दाखवणाऱ्या नव्या यंत्राला मात्र अंश-मिनिटं समजत नव्हती, दशांशातला आकडा लागत होता. वैजयंताने घाईघाईने चिठ्ठी लिहिली, १७.३० आणि ७२.४५, आणि ती धक्क्यावर धावली. तांडेलकाकांनी लहूच्या हातातली चिठ्ठी वाचली, शांतपणे बोटीत उतरले आणि किल्ली काढून मुठीत धरली.

"काका, किल्ली द्या!" लहू ओरडला. "तिकडे पाणी भरतंय आणि तुम्ही इथे शाळा भरवताय?"

"भरवतोय. वैजू, एका अंशाची मिनिटं किती?"

"साठ."

"मग सतरा अंश तीस मिनिटं हे बाजारात बोलतेस तसं सांग."

वैजयंता म्हणाली, "साडेसतरा."

"आणि चिठ्ठीत काय लिहिलंस?"

तिने चिठ्ठीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

तांडेलकाका म्हणाले, "साडेपाच वाजले की आपण पाच, टिंब, तीस असं लिहितो. ते टिंब म्हणजे नुसतं कुंपण, अलीकडे तास, पलीकडे मिनिटं. यंत्राचं टिंब वेगळं. त्याच्या पलीकडे अंशाचे शंभर भाग मोजतात. साठांतले तीस म्हणजे निम्मे, शंभरांतले तीस म्हणजे तिसरा हिस्साही नाही. तू आकडा जपलास, पण जागा सरकली. रूप पालटताना जागा जपायची असते, बाळ, आकडा बदलला तरी चालतो."

वैजयंताने चिठ्ठी उलटी केली. साडेसतरा, १७.५०. पावणेत्र्याहत्तर, ७२.७५. पहिल्या चिठ्ठीने लहू जवळजवळ चाळीस किलोमीटर भलतीकडे, खोल पाण्यात गेला असता. तांडेलकाकांनी किल्ली दिली.

बोट दिसेनाशी झाल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, "तुम्हीच खोडून लिहायचं होतं ना! पाच मिनिटं वाचली असती."

"वाचली असती," ते म्हणाले. "पण दिगंबर एका जागी थांबलाय का? तो वाहत जाणार, नवी जागा कळवणार, आणि ती लहूला तू सांगणार. दर वेळी मी चिठ्ठी तपासायला येऊ?"

झालंही तसंच. तासाभराने दिगंबरचा क्षीण आवाज आला, सतरा अंश सत्तावीस मिनिटं. पूर्वेचा आकडा तोच. वैजयंताने सत्तावीसला साठाने भागलं, तोंडाने एकदा म्हणून पाहिलं, साडेसतराला थोडं कमी, आणि लहूला कळवलं, "सतरा पूर्णांक पंचेचाळीस." या वेळी तिने कोणाकडेही पाहिलं नाही.

लहू पोहोचला तेव्हा तिघं पिंपाला धरून तरंगत होते. बोट नुकतीच तळाला गेली होती.

एवढं ऐकून मी आत डोकावले. दिगंबर पाटावर बसून जेवत होता.

"मावशी, बोट गेली हे खरं," तो म्हणाला. "ती पाच मिनिटं मिळाली असती तर राहिली असती का, कोणास ठाऊक. काकाही तेच म्हणतात. पण बाजारात कोणी दिगंबर गेला म्हणत असेल, तर त्याला सांगा, तो दुसऱ्यांदा भात मागतोय."

वैजयंता भाताचं पातेलं घेऊन आली. तिने त्याला भात वाढला.