खड्ड्याला मिळालेला दिलासा

रस्त्यातले खड्डे बोलत असत, त्या काळची गोष्ट. एक खड्डा कायम धास्तावलेला असे. कुलथे मास्तरांच्या मोटरसायकलची जुनी स्प्रिंग त्याच्यात रोज खाडकन आपटे, आणि मास्तर तडक बांधकाम खात्यात जाऊन साहेबाला धारेवर धरत. आज ना उद्या डांबर येणार आणि आपण बुजणार, हे खड्ड्याला कळून चुकलं होतं.

एक दिवस मिस्त्रीने मास्तरांच्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये नव्या स्प्रिंगा बसवल्या. एका टोकाला वेटोळी दाट, दुसऱ्याला विरळ. लहान हादऱ्याला मऊ, मोठ्याला ताठ. मास्तर खड्ड्यातून अलगद गेले.

“वा! रस्ता सुधारला की!” म्हणत त्यांनी खिशातला तक्रारअर्ज फाडून टाकला.

नवी स्प्रिंग ऐटीत म्हणाली, “काय रे खड्ड्या, जिरली ना?”

“जिरली हो बाई. तू शंभर वर्षं टिक,” म्हणत खड्ड्याने निवांत हातपाय पसरले.