टपावरचा डबा

माझी सून हर्षदा बोलते थोडं, पण बोलली की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

कुलदेवीला सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. गाडी माझ्या मुलाची, पण हुकूम जावयाचा. दिगंबरराव मोठे साहेब, एकट्याच्याच तीन सुटकेसी. म्हणून टपावर लावायचा सामानाचा डबा घ्यायला दुकानात गेलो.

साहेबांनी सगळ्यात छोट्या डब्यावर बोट ठेवलं. "मोठा डबा गाडीला शोभत नाही. उरलेल्या बॅगा मागच्या सीटवर टाकू. मामा घरीच थांबतील. या वयात कशाला दगदग?"

मला दर्शनाला जायचंच होतं. पण जावयाला उलट बोलायची आमच्यात रीत नाही, नाहीतर तिथंच झाडला असता.

हर्षदा दुकानदाराला म्हणाली, "छोटाच द्या. भाऊजींचं बरोबर आहे, बॅगांपायी कुणीतरी घरी राहायला हवं. ज्याच्या बॅगा डब्यात मावणार नाहीत, त्यानं राहावं. मामंजींची तर एकच पिशवी आहे."

दुकानदार फसकन हसला. दिगंबरराव घसा खाकरून म्हणाले,

"अहो, तो मोठा डबा दाखवा जरा."

मुलगी बघायला गेलो, तेव्हा हिला पसंत मीच केली होती. तेवढी अक्कल आहे मला.