आठ गाद्यांची सभा

कर्दमगडच्या दोन कारभाऱ्यांना नाणेसभेतून घालवायचं कसं, या एकाच गोष्टीवर सोनगिरीचा राजा वीरधवल हट्टाला पेटला होता.

नाणेसभा पाच राज्यांची, प्रत्येकाचे दोन कारभारी. नाण्यांचे भाव ती ठरवायची, अडलेल्या राज्याला सामायिक खजिन्यातून कर्ज द्यायची. मात्र सगळ्यांचा होकार लागे. त्या साली कर्दमगडच्या फौजेने शेजारच्या, सभेतल्याच तळवटी राज्यात घुसून चाळीस गावं जाळली. तळवटीने बियाण्यासाठी कर्ज मागितलं, तेव्हा कर्दमगडचे भुजंगराव आणि रायाजीपंत अत्तर लावून सभेत आले आणि म्हणाले, "असल्या उधळ्या राज्याला कर्ज कशाला?" घरं जाळणारेच काटकसर शिकवत होते!

सभेच्या करारात कलम होतं: जो सभासद दुसऱ्या सभासदावर चाल करील, त्याची जागा जाईल. पण भुजंगराव तोंड वर करून सांगत, "चाल कसली? तळवटी मुळात आमचाच मुलूख. स्वतःच्या घरात शिरायला परवानगी कुणाची?" यावर सभेतले थोर थोर लोक मिशा कुरवाळत पुढच्या विषयाकडे वळत.

"उद्या ते स्वतःच्या पायांनी बाहेर गेले पाहिजेत," राजाने प्रधानाला बजावलं. "अंगाला हात लावायचा नाही, कराराचा काना-मात्रा बदलायचा नाही. जमत नसेल तर प्रधानकीचे शिक्के परत करा."

प्रधान कराराची पानं उलटत राहिला. सभागृहात गाद्यांची बैठक मांडणारी म्हाळसा तिथेच चादरी झटकत होती. तिची बहीण तळवटीत दिलेली. बहिणीच्या घराच्या आता नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या.

"महाराज, उद्याची बैठक मला माझ्या मनासारखी मांडू द्या," ती म्हणाली.

"गाद्या मांडून ही माणसं हलतील होय?"

"ती गादीसाठीच तर येतात, महाराज."

राजा म्हणाला, "मांड."

दुसऱ्या दिवशी सभेत दहाऐवजी आठच गाद्या होत्या. भुजंगराव आणि रायाजीपंत नेहमीसारखे उशिरा आले, तोवर आठही भरल्या होत्या.

"आमच्या गाद्या कुठं आहेत, बाई?" भुजंगराव गुरकावले.

म्हाळसाने तळवटीच्या दोन कारभाऱ्यांकडे बोट दाखवलं. "त्या काय."

"ती तळवटीची माणसं आहेत."

"तळवटी तुमचाच मुलूख, हे तुम्हीच सांगता. एका राज्याला दोन गाद्या, असं करारात आहे. तुमच्या राज्याची दोन माणसं बसली. आणखी गाद्या कुठून आणू?"

भुजंगराव लालबुंद झाले. "अगं मूर्ख बाई, तळवटी वेगळं राज्य आहे! तिचा आमच्याशी काय संबंध?"

म्हाळसा शांतपणे कारकुनाकडे वळली. "दादा, लिहून घ्या. तळवटी वेगळं राज्य आहे, हे कर्दमगडने भरसभेत कबूल केलं. म्हणजे तिथं फौज नेली ती चालच झाली." मग ती पाहुण्यांना म्हणाली, "तळवटी तुमची असेल तर तुमच्या गाद्या भरल्यात. तुमची नसेल तर तुमच्या गाद्या गेल्यात. यातलं कुठलंही धरा, दार तेच आहे."

रायाजीपंतांनी भुजंगरावांची बाही ओढली. दोघेही पागोटी सावरत बाहेर पडले. मागे उरलेला अत्तराचा वास जावा म्हणून म्हाळसाने खिडक्या उघडल्या.

ते पाहून राजा वीरधवल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. उरलेल्या चारही राज्यांनी त्याच बैठकीत कर्ज मंजूर केलं. राजाने नदीकाठची जमीन म्हाळसाच्या नावे करून दिली, आणि बियाण्याच्या गाड्या तळवटीकडे निघाल्या तेव्हा पहिल्या गाडीवर, अंगावर भरजरी शेला घालून, तिलाच मानाने बसवलं.