खाडीत गेलेला मरजान

तुमच्या पणज्याचाही आजा पाळण्यात नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर गप बसून ऐका.

आंबेरीच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ भांडले. अर्धी गावं थोरल्या देसायाकडे, अर्धी धाकट्याकडे. धाकट्यानं दवंडी दिली, "माझ्याकडून लढेल तो कुणाचा गुलाम नाही." ती ऐकून एका व्यापाऱ्याच्या गलबतावरून मरजान हबशी बेडी तोडून पळाला आणि पोहत खाडी चढून आला. मागून त्याच्यासारखेच आणखी आले. मरजान उभा राहिला की माडाला त्याची सावली पडायची, असं म्हणतात.

धाकट्याचा सेनापती होता रुमाजी नाईक. शत्रू आला की तबकात विडा ठेवायचे. उचलेल त्यानं पुढं व्हायचं. पहिला मान नाईकाचा. पण रीत अशी, की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मिनतवारी झाली की उचलायचा.

थोरल्याच्या होड्या खाडीच्या तोंडाशी आल्या. विडा मांडला. नाईकानं मान फिरवली. मरजानला रीत कुठली ठाऊक? त्यानं विडा उचलला नि तोंडात टाकला.

"हबशा, माझा विडा खाल्लास?"

"तुम्ही घेईनात, नाईक. मला वाटलं, भ्यालात."

"तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यायचा असतो रे गाढवा!"

"त्या होड्या तीनदा विचारून येणार आहेत काय?"

सगळी सभा हसली. धाकटा देसाईसुद्धा. नाईकाच्या काळजात निखारा पडला. घरी गेला, तर बायकोही मरजानचंच कौतुक सांगत बसलेली. जेवलाच नाही. त्यानं त्या व्यापाऱ्याला निरोप धाडला, "तुझा पळालेला गुलाम खाडीच्या तोंडाशी सापडेल." आणि आपली माणसं घरी बसवली.

मरजान आणि त्याचे हबशी तेवढेच लढले. व्यापाऱ्याचं गलबत आलं. वरून साखळी पडली ती मरजानच्या कमरेला. गलबतावरची माणसं ओढू लागली.

"मी परत येत नाही," मरजान म्हणाला. "तुम्हीच चला."

आणि तो खोल पाण्यात चालत गेला. मागून अख्खं गलबत गेलं, शिडासकट. ते बघून थोरल्याच्या होड्या पळाल्या त्या पळाल्याच, असं म्हणतात.

नाईक मग काठावर आला. लोक मरजानसाठी रडत होते. तेही त्याला बघवेना. "आंबेरी राखली ती रुमाजी नाईकानं!" असं तो खाडीकडे तोंड करून ओरडला. खाडीनं उलट हाक दिली, "मरजान!" तो मरेपर्यंत ओरडला, घसा फुटला, पण खाडी ऐकेना.

अजून त्या जागी कुणी होडीला साखळी लावत नाही, काथ्याचा दोर लावतात. आणि दोर सोडताना ओरडतात, "मरजानबाबा, मोकळं सोड!" नाईकांच्या घरच्यांनाही ओरडावं लागतं. ते पुटपुटले, तर भर भरतीतसुद्धा त्यांची होडी हलत नाही.

असं म्हणतात, आणि मी बघितलंय.