अर्ध्यावर सोडलेली शिसव

वेणुतट नगरात दृढसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी जन्मले होते. धनिल त्यांचं नाव. रथाचा आस घडवावा तर धनिलांनीच, असं राजाही म्हणे. त्यांच्या हाताखाली रोहक नावाचा गडी सात वर्षं काम शिकत होता. बायकापोरांचा धनी, हाताचा चांगला, पण मानी! आता एकच परीक्षा उरली होती. अरण्यात एकट्यानं जायचं, आसाजोगं झाड निवडायचं आणि पाडायचं. मग गुरू लाकूड तासायचा वाकस आपल्या हातानं त्याच्या कमरेला खोचणार. तो मिळाला की सुतार. नाहीतर जन्मभर दुसऱ्याची हमाली.

सुतारांचा एक नेम होता. पहिला घाव घातला की झाड आडवं होईपर्यंत जागा सोडायची नाही.

रोहकानं खिंडीतल्या वाटेवर झुकलेली शिसव निवडली. घाव गाभ्यापर्यंत गेला आणि तेवढ्यात झुडपातून अस्वल उठलं. मोहाच्या फुलांच्या दिवसांत अस्वलाशी गाठ, म्हणजे जिवाशीच खेळ! रोहक पाय लावून पळाला. अरण्याच्या कडेला गुरूंचा तळ होता, तिथं पोचेस्तोवर भीती ओसरली, लाज तेवढी उरली.

"झाड पोकळ निघालं, आचार्य," तो म्हणाला. "घावच घातला नाही. उद्या दुसरं बघतो."

सकाळी धनिलांनी त्याच्या पटक्यात अडकलेला लाकडाचा ढलपा काढला. जांभळट काळा, टणक.

"रोहका, हा शिसवीचा गाभा आहे. पोकळ झाडाला असा गाभा असतो का? कुठं आहे ते झाड?"

रोहकाची मान खाली गेली. "खिंडीच्या वाटेवर."

"अरे करंट्या, त्या वाटेनं बाया मोह वेचायला जातात!"

धनिलांनी पाचरी आणि कुऱ्हाड उचलली. दोघं धावत सुटले.

वारा सुटला होता. बाया खाली उतारावर फुलं वेचत होत्या आणि एका तान्ह्याची झोळी त्याच शिसवीच्या खालच्या फांदीला टांगलेली होती. घाव झुडपाआड होता, आईला कसा दिसावा? खोड करकरत होतं.

धनिल घावापाशी गुडघ्यावर बसले. घावाचं तोंड मिटत चाललं होतं. त्यांनी त्यात एक पाचर ठोकली, दुसरी ठोकली आणि वर खांदा लावला.

"पोर काढ."

"आचार्य, तुम्ही पडत्या अंगाला आहात!"

"झाड कुठं पडतं ते तू मला शिकवतोस? पोर काढ!"

गाठ ओझ्यानं घट्ट बसली होती. रोहकाला ती सुटेना. शेवटी त्यानं गुरूंची कुऱ्हाड उचलून झोळी कापली आणि पोराला पोटाशी धरून धूम ठोकली. तो फांदीखाली होता तोवर धनिल हलले नाहीत. तो बाहेर पडला तेव्हा त्यांना उडी मारायला वेळच उरला नव्हता.

झाड आडवं झालं, धनिलांना खाली घेऊनच.

आई धावत आली. लेकरू छातीशी घेऊन ती रोहकाच्या पाया पडायला वाकली. "दादा, देवासारखे धावलात!"

रोहक मागं सरला. गप्प राहिला असता तर कुणाला काय कळलं असतं?

"घाव माझाच होता, बाई," तो म्हणाला आणि हंबरडा फोडून रडला.

पुढं त्याला वाकस मिळाला. गुरूंच्या कमरेचा, त्यानं स्वतःच सोडून घेतलेला.

एवढी गोष्ट सांगून भगवान शास्ता विहारातल्या भिक्षूंकडे वळले. "त्या वेळची आई म्हणजे विहाराला दूध घालणारी उपासिका मल्लिनी. रोहक म्हणजे विहाराचं दार अर्धवट बसवून 'झालं' म्हणून सांगणारा आपला चित्रक भिक्षू. आणि धनिल सुतार मीच होतो. दुसऱ्याच्या चुकीखाली आपला खांदा देणं, हीच करुणा. पण भिक्षूंनो, खांदा द्यायला दर वेळी कुणी असतंच असं नाही."

चित्रक उठला. तो त्या अर्धवट दाराकडे गेला.