शिव्या देत पळणारा हरकारा

मला गोष्ट सांगायला लावू नका, असं बजावूनही आमच्या सूनबाईनं गावच्या पळणाऱ्या मंडळींपुढं मला खुर्चीत बसवलंच. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच पार धरणापर्यंत पळणार, आणि धास्ती आत्तापासून. आता मी चौथी नापास माणूस, मी काय ज्ञान देणार? पण ऐका. मध्ये कुणाचा मोबाईल वाजला तर उठून जाईन.

एकदा एक म्हातारा हरकारा होता. हरकारा म्हणजे राजाचा निरोप पळत पोचवणारा. निरोप कागदावर नसायचा, तोंडी असायचा. म्हातारा थकला तेव्हा त्यानं एक शिष्य धरला. गडी वाऱ्यासारखा! जत्रेच्या शर्यतीत कुणाच्या हाती लागला नव्हता. पण घाटावरच्या किल्ल्यावर पहिल्यांदा धाडला, तर दारात जाऊन आडवा. किल्लेदार विचारतोय, "निरोप काय?" आणि ह्याच्या तोंडातून नुसता फेस.

राजा म्हणाला, "आणखी एकदाच. नाही जमलं तर नांगर धर." होणाऱ्या सासऱ्यानंही तेच ऐकवलं. हरकारा झालास तर लगीन, नाहीतर राम राम.

शिष्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हातारा म्हणाला, "उद्यापासून पळायचं, आणि वाटभर मला शिव्या घालायच्या."

"गुरूला शिव्या? जीभ झडेल माझी!"

"झडू दे. पाय थांबला तर चालेल, तोंड थांबता कामा नये."

दुसऱ्या दिवशी शिष्य सुटला सुसाट. "अरे थेरड्या..." एवढं म्हणेपर्यंत छाती भरून आली. मागून तट्टावर बसलेला म्हातारा ओरडला, "पुढची शिवी कुठं सांडली? चाल आता! तोंड उघडेपर्यंत पळायचं नाही."

लाजेनं मान खाली घालून तो चालला. जीभ वळायला लागली की पुन्हा पळायचा, पण बेतानं. शेतात खुरपणाऱ्या बाया हसून लोळायच्या. आधी ओढ्यापर्यंत, मग टेकडीपर्यंत, मग घाटाच्या पायथ्यापर्यंत. मध्येच एखाद्या दिवशी म्हातारा जवळूनच माघारी फिरवायचा. "हाडांनाही सुट्टी लागते," म्हणायचा. हळूहळू शिव्यांना काय बहर आला म्हणता! "उंदरानं कुरतडलेल्या पगडीच्या!" असल्या एकेक. बाया खुरपी टाकून ऐकायला बांधावर यायच्या.

शेवटी परीक्षेचा दिवस उगवला. निरोप घेऊन शिष्य एकटाच निघाला. ओढा गेला, टेकडी गेली, घाट लागला. पायांना सुसाट सुटायची खुमखुमी आली, तशी शिवी अडखळली. त्यानं पाय आवरले. मागं म्हातारा नव्हता, तरी त्याच्या सात पिढ्या उद्धरत गडी चढत राहिला. वर पहारेकऱ्यांना माणूस दिसायच्या आधी शिव्याच ऐकू आल्या. त्यांनी भाले सरसावले! आणि हा दारात आला, घाम पुसला, मुजरा केला आणि अख्खा निरोप खणखणीत सांगितला. एक शब्द गळला नाही.

परत आल्यावर त्यानं विचारलं, "पण शिव्याच का?"

म्हातारा म्हणाला, "स्तोत्र म्हणायला सांगितलं असतं तर ते तू मनात म्हटलं असतंस. शिवी मनात देऊन कुणाचं समाधान होत नाही. हरकाऱ्याचे पाय कशासाठी? तोंड पोचवायला. बोलता येतंय तोवर वाट तुझ्या ताब्यात. बोलणं तुटलं, की तू नाही पळत, तुझा गर्व पळतो. आणि त्याला निरोप ठाऊक नसतो."

शिष्य म्हाताऱ्याचे पाय चेपत बसला. लगीन झालं, अक्षता टाकताना म्हाताऱ्यानं एक शिवी मागून घेतली.

तर सूनबाई, रविवारी तोंड चालू ठेव. तुला ते शिकवावं लागायचं नाही. आणि पहिल्याच चढाला लिंबाचं खोड धरून कुणी धापा टाकत बसलेलं दिसलं, तर थांबून पाणी दे. माझी चाल बघून मला चारचौघांत गोगलगाय म्हणालेला, आणि अजून माफी न मागितलेला, तो ह्याच मंडळींतला सुसाट सुटणारा गजा ढमढेरे असेल.