मौजपूरची कमान आणि केरबा मेस्त्रींचं ‘छान’

चूक केरबा मेस्त्रींची. एकट्याची. सुजयची नाही, लोकांची नाही, त्या मशिनची तर नाहीच.

“शंभरातले ब्याण्णव, आबा! अजून काय पाहिजे तुम्हाला?”

केरबा मेस्त्री रसवंतीच्या बाकावर बसले होते. समोर रस्ता. रस्त्यापलीकडे मौजपूर, म्हणजे पाळणे, घसरगुंड्या आणि पाण्याचे खेळ असलेली मोठी बाग. कोल्हापूरच्या बाहेर पंचवीस वर्षं उभी आहे. तिचं प्रवेशद्वार महिन्यापूर्वी बदललं.

बदललं ते सुजयने. शिष्य मेस्त्रींचाच.

“ब्याण्णव काय?” मेस्त्रींनी विचारलं.

“ब्याण्णव माणसांनी हसरा चेहरा दाबला. गेटपाशी मशीन बसवलंय ना. तीन बटणं. हसरा, गप्प, रडका. नवं गेट कसं वाटलं, त्याप्रमाणे बटण दाबायचं.”

“रडका किती जणांनी दाबला?”

“तिघांनी.”

“कोण ते?”

“ते कसं कळणार, आबा?”

“त्यांना भेटायला पाहिजे होतं.”

सुजय हसला. मेस्त्री हसले नाहीत.

मेस्त्रींच्या हाताखालच्या माणसांत एक रीत होती. मेस्त्री ‘घाल’ म्हणेपर्यंत कुणी आपल्या कामावर नाव घालायचं नाही. मूर्ती असो, कारंजं असो, देवळाचा कळस असो. सुजय चौदाव्या वर्षी आला आणि अकरा वर्षं शिकला. त्यानंतरची सहा वर्षं त्याने स्वतःची कामं केली, चांगली नावाजलीही गेली. एकावरही त्याचं नाव नव्हतं.

आता कमानीच्या उजव्या खांबावर त्याने चौकोनी खाच रिकामी ठेवली होती. नाव कोरलेली काळी पाटी गाडीत होती. गवंडी पाच वाजता येणार होता.

“आबा, नाव घालू?”

मेस्त्रींनी रसाचा ग्लास बाकावर ठेवला.

...

“चल,” ते म्हणाले. “तिथं जाऊन बसू.”

पूर्वी त्या जागी राक्षसाचं तोंड होतं. मेस्त्रींनी घडवलेलं. आ वासलेलं, वर सुळे, खाली लाल जीभ. जिभेवरून चालत आत जायचं. मालकांना ते जुनाट वाटायला लागलं. त्यांनी पाडायला सांगितलं आणि नवं काम सुजयला दिलं. सुजयने मेस्त्रींना विचारलं तेव्हा मेस्त्री म्हणाले होते, “छान. कर.”

पाडायच्या दिवशी मात्र त्यांना ताप आला. काय योग बघा.

दोघं कमानीसमोरच्या बाकावर बसले. नवी कमान पांढरी. दोन उघडे पंख, मध्ये काच, काचेत रंग बदलणारे दिवे. खाली गर्दी आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल वर.

मशिनशेजारी गणवेशातली आक्काताई उभी होती. गेटवरची जुनी रखवालदारीण.

“दाबा की ओ काका! हसणारं दाबा आन् चला फुडं. मागं रांग लागलीया. अवो वैनी, रडकं काय बघताय, घरी न्हाई व्हय ते?”

वहिनी हसल्या. हसरा दाबला. मागच्यानेही तोच दाबला.

मेस्त्रींनी सुजयकडे पाहिलं.

सुजयचे कान लाल झाले. “आक्काताई, तुम्ही असं सांगता लोकांना?”

“मग काय करू सायेब? वाचत बसत्यात. पाच-पाच मिंटं. रांग कोण सरकवणार, ते मशीन?”

“तुम्ही बाजूला व्हा. तिकडे झाडाखाली उभ्या राहा. कुणाला काही सांगायचं नाही.”

“बरं.” ती निघाली. जाताजाता मेस्त्रींना म्हणाली, “मेस्त्री, चेला लई तापलाय आज.”

आता मशिनशेजारी कुणी नव्हतं. लोक येत राहिले.

हसरा. हसरा. हसरा. एका आजोबांनी तिन्ही बटणं दाबून पाहिली, मग परत हसरा.

“बघा!” सुजय म्हणाला. “आता कोण सांगतंय त्यांना?”

मेस्त्री उठले. एका माणसाला त्यांनी थांबवलं. बायको बरोबर, आई बरोबर, खांद्यावर पिशवी.

“पाव्हणं, कुठलं?”

“आम्ही निपाणीचं.”

“गेट कसं वाटलं?”

“एक नंबर! लई भारी.”

“पूर्वीचं बघितलं होतं?”

“तेबी भारीच होतं की.”

“पार्किंग?”

“झकास.”

“आणि ही रांग?”

पाहुण्याने रांगेकडे पाहिलं. उन्हात ती तिकिटाच्या खिडकीपासून रस्त्यापर्यंत आली होती. त्याच्या आईने डोक्यावर पदर घेतला होता आणि पदर घामाने भिजला होता.

“रांगपण चांगली हाय,” तो म्हणाला.

मेस्त्री परत येऊन बसले.

“चेष्टा करताय माझी,” सुजय म्हणाला.

“लग्नाच्या पंगतीत जेवलायस ना?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“जेवलायस का?”

“जेवलोय.”

“मठ्ठा आंबट झालाय, असं कुणी यजमानाला सांगतं?”

“कोण सांगेल?”

“मग वाढप्याला कसं कळतं?”

सुजयने पंगत डोळ्यांपुढे आणली.

...

“वाटी पुढं येत नाही,” तो म्हणाला.

“हां.”

मेस्त्रींनी बोट केलं. कमानीच्या उजव्या बाजूने लोक आत जात होते. डाव्या बाजूने दिवसभर खेळून बाहेर येत होते. ओले केस, थकलेली पोरं, रिकामे डबे.

“आत जाणारा फोटो काढतोच. त्याला काढायचाच असतो. बाहेर येणाऱ्याकडं बघ. कोण वळून बघतंय?”

“एवढंच?”

“एवढंच.”

दोघं बघत बसले.

एक कुटुंब आलं आणि गेलं. कॉलेजची आठ-दहा पोरं आली, आरडाओरडा करत गेली. एक नवरा-बायको भांडत गेले. शाळेची एक अख्खी सहल गेली, बाई पोरं मोजत.

एक बाई कमानीच्या बाहेर आली, चार पावलं चालली आणि गर्रकन वळली.

सुजय उभा राहिला.

“अवो!” बाई ओरडली. “माझी चप्पल आतच ऱ्हायली की! तुमाला सांगितलं हुतं धरा म्हणून!”

सुजय बसला.

मेस्त्री काही बोलले नाहीत. म्हातारी माणसं गप्प बसली की लोकांना ते ज्ञान वाटतं. बऱ्याचदा ती नुसती भीती असते. पण हे सुजयला अजून माहीत नव्हतं.

“राक्षसाकडे वळायचे लोक,” तो म्हणाला. “हेच ना? हेच दाखवायला आणलंत मला. पोरं बाहेर येऊन त्याला जीभ काढून दाखवायची. बायका जाताना सुळ्याला हात लावायच्या. मीही नऊ वर्षांचा असताना लावलाय. माहितीये मला.”

“मी राक्षसाचं नाव काढलं नाही.”

“तुमचा राक्षस मी पाडला. त्याचा राग आहे तुम्हाला.”

“आहे.”

सुजयला ही अपेक्षा नव्हती. मेस्त्री ‘नाही’ म्हणतील आणि मग आपण भांडू, असं त्याने ठरवलं होतं.

“मग तुमच्या बोलण्यावर मी विश्वास का ठेवू?”

“ठेवू नको. लोकांकडं बघ.”

...

कॉलेजची अजून काही पोरं गेली. एक म्हातारा गेला. त्याने कमानीला टेकून पायातला खडा काढला आणि चालू लागला.

“आबा, रागामुळे बोलताय की खरं बोलताय?”

“मलाही कळत नाही.”

“मग आजही ‘छान’ म्हणा. इतकी वर्षं म्हणालात तसं. माझा पहिला गणपती दाखवला तेव्हा काय म्हणालात?”

“छान.”

“शाळेपुढचा हत्ती?”

“छान म्हणालो.”

“तळ्यातली कमळं? तिथल्या नगराध्यक्षांनी शाल दिली मला. तुम्ही शेजारी उभे होता.”

“छान म्हणालो. हो.”

“प्रत्येक वेळी छान. आणि तरी नाव घालू दिलं नाहीत. मला वाटायचं, आबा माझी परीक्षा बघतायत. अजून थोडं. अजून थोडं. सतरा वर्षं मी त्यावर काढली, आबा.”

मेस्त्री बोटांनी बाकाची फळी चाचपत होते. लाकूड कुठे चिरलंय ते हाताला कळतं, तसं.

“सुजय,” ते म्हणाले. “त्यातलं एक तरी काम मी परत बघायला गेलो का?”

...

सुजयने आठवून पाहिलं. हत्ती तर मेस्त्रींच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होता. पाच वर्षं झाली. मेस्त्री रोज सकाळी फिरायला जात. पण दुसऱ्या रस्त्याने.

“एकही नाही?” त्याने विचारलं.

मेस्त्रींनी मान हलवली.

“गणपतीसुद्धा?”

“त्याचे हात चुकले होते. कोपरात. तेव्हाच सांगितलं असतं तर चार दिवसांत दुरुस्त झालं असतं. नंतरच्या प्रत्येक कामात तोच चुकलेला कोपर हाय, कमळांच्या देठातबी. ह्या पंखातबी हाय. बघ, कुठं वाकायचं ते त्याला कळलेलं नाही.”

सुजयने कमानीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला दिसलं. एकदा दिसल्यावर न दिसण्याची सोय नव्हती.

“मग का नाही सांगितलं?”

मेस्त्री रस्त्याकडे बघत होते.

“आबा! का नाही सांगितलं?”

“तुझ्या आधी सात जण आले शिकायला. त्यांना पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतो. एकजण वर्षभर टिकला. बाकीचे महिन्या-दोन महिन्यांत गेले.” मेस्त्री थांबले. “तू जाशील म्हणून.”

आता या माणसाला गुरू म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. घरी येणारं माणूस हवं म्हणून पोराला आंधळं ठेवलं, एवढंच झालं होतं. आणि ते प्रेमाने झालं म्हणून कमी होत नाही.

गवंडी सायकलवरून आला. पाच वाजले होते.

“सायेब, पाटी?”

सुजय उठला. गाडीतून पाटी आणली, पोत्यात गुंडाळलेली. पोतं काढलं. काळ्या दगडावर फक्त त्याचं नाव.

गवंडी मेस्त्रींना ओळखत होता. कोल्हापुरात प्लॅस्टरचं काम करणारा प्रत्येक जण ओळखतो. त्याने हातातली थापी खाली केली.

“मेस्त्रींनी ‘घाल’ म्हटलं न्हवं?”

सुजयने मेस्त्रींकडे पाहिलं.

मेस्त्रींना अजूनही ‘छान’ हा एक शब्द म्हणता आला असता. सतरा वर्षं तोच म्हणत आले होते. जिभेवर तयार होता. म्हटला असता तर पोरगा पुढच्या रविवारी पुन्हा घरी आला असता, बायकोने दिलेला डबा घेऊन, नेहमीसारखा.

...

“नको घालू,” मेस्त्री म्हणाले.

गवंडी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

“लाव,” सुजय त्याला म्हणाला.

“सायेब, मेस्त्री तर...”

“नाव माझं आहे. लाव.”

गवंड्याने खाच ओली केली, माल भरला आणि पाटी दाबून बसवली. सुजयने स्वतः ओळंबा धरला. पाटी सरळ बसली. हात पुसून तो गाडीत बसला. एरवी निघताना मेस्त्रींच्या पायाला हात लावायचा.

गाडी गेली.

आक्काताई झाडाखालून आली. मशिनशेजारी उभी राहिली. रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाली, “दाबा.” मग मेस्त्रींजवळ येऊन हळूच विचारलं.

“चेला रागावला व्हय ओ मेस्त्री? यील की उद्या. तुमच्याबिगर कुठं जातोय?”

मेस्त्री उठले. धोतराची धूळ झटकली.

“माझ्याकडं आता शिकायला कुणी नाही.”